माशीघराला टाळं

मी माश्या पाळते. लग्नात किंवा बारशात कुणी माझी ओळख करून द्यायला लागलं की एवढ्यावरच थांबतं, कारण पुढचं ऐकलं की शेजारची बाई खुर्ची सरकवते. म्हणून पुढचं मीच सांगते. आमच्या माश्या रक्तावर आणि मांसाच्या भुकटीवर वाढतात, आणि तो वास अंगाला असा चिकटतो की साबणाने केव्हाच हात टेकलेत. एसटीत माझ्या शेजारची जागा कायम रिकामी असते. इतकं ऐसपैस आमदारसुद्धा बसत नसतील.

माणदेशात आमची कुरणवाडी म्हणजे मेंढरांची वाडी. तिच्या वरच्या माळावर सरकारने माशीघर बांधलं, तेव्हा गावाने त्याला नसबंदीचं केंद्र म्हणून खूप चिडवलं. चिडवण्यात खोटं काही नव्हतं. आम्ही वाढवत होतो ती किडमाशी. घरमाशी घाणीवर बसते. ही जिवंत जनावराच्या जखमेवर बसते. काट्याचा ओरखडा, लोकर कातरताना लागलेली कात्री, नुकत्या जन्मलेल्या कोकराची ओली नाळ, एवढं तिला पुरतं. ती तिथे अंडी घालते, दुसऱ्या दिवशी अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरत आत शिरतात. जनावर उभ्या उभ्या खाल्लं जातं. मी लहान असताना अशा मेंढीचं ओरडणं ऐकलंय, ते सांगण्यासारखं नाही.

पण या माशीत एक गोम आहे. मादी जन्मात एकदाच जोडा लावते. म्हणून आम्ही माश्या कोट्यांनी वाढवायच्या, आणि त्या कोशात झोपलेल्या असताना त्यांच्यावर क्ष-किरणांचा ठरावीक मारा करायचा. माशी मरत नाही. उडते, हिंडते, नर मादीच्या मागेही लागतो, फक्त त्याचं बीज मेलेलं असतं. असा नर जिच्या वाट्याला आला, तिची अंडी उबतच नाहीत. दर आठवड्याला ड्रोन या माश्या पाच जिल्ह्यांच्या माळरानांवर सोडायचे. सहा वर्षांत आमच्या मुलखात किडमाशी शोधून सापडेना. मात्र सोडणं थांबवून चालत नाही, कारण शेजारच्या मुलखातून ती येतच राहते. शेताची राखण केली म्हणून डुकरं संपत नाहीत, तसंच हे.

एक एप्रिलच्या सकाळी माशीघराच्या फाटकाने मला आत घेतलं नाही.

"शालन बिरा विरकर," फाटकावरचा भोंगा गोड आवाजात म्हणाला, "राज्यात खर्चबंदी लागू झाली आहे. आपली सेवा स्थगित आहे. या काळात केलेलं काम अनधिकृत समजलं जाईल. आपला दिवस चांगला जावो."

तारीख बघून मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. सभागृहात अर्थसंकल्प अडकलाय हे बातम्यांत ऐकलं होतं. पण अर्थसंकल्प दरवर्षीच कुठेतरी अडकतो आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी कुणाला चहाला बोलावून तो सोडवतं. यंदा चहाला कुणी बोलावलं नाही. आणि आता पूर्वीसारखी डोळेझाक करणारा साहेबही उरला नव्हता. राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या खजिनदार नावाच्या यंत्रणेकडे गेल्या होत्या. तो कुणाच्या गावचा नाही, कुणाचा पाहुणा नाही, आणि चहा तर पीतच नाही. सभागृहाने मंजूर केलेला पैसा दिसला, तर तो सरकारी दारं उघडतो, यंत्रं चालू करतो, माणसांची हजेरी घेतो. मंजुरी नसली की अत्यावश्यक यादीबाहेरचं सगळं बंद. यादीत दवाखाने होते, पोलीस होते, तुरुंग होते. माश्या नव्हत्या.

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर डाबरे मॅडम बसल्या होत्या. डॉक्टर रोझलिन डाबरे, माशीघराच्या प्रमुख, मूळच्या वसईच्या. वाडीत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मेंढीला शेळी म्हटलं होतं, ते अजून निघतं. पण माश्यांमधलं त्यांना जेवढं कळतं, तेवढं माश्यांनाही कळत नसेल.

"आत दोन कोटी कोश आहेत," त्या म्हणाल्या. "परवा फुटायला लागतील."

"आणि क्ष-किरणांचं यंत्र?"

"खजिनदाराच्या परवानगीशिवाय चालू होत नाही."

म्हणजे दोन कोटी धडधाकट माश्या, अंडी घालणाऱ्या, आमच्या वाडीच्या डोक्यावर जन्माला येणार.

"ते सगळे मारायला हवेत," मॅडम म्हणाल्या. "आणि मूळ पिंजरे जगवायला हवेत."

मूळ पिंजरे म्हणजे आमचं बियाणं. रानातली किडमाशी पकडून पिंजऱ्यात ठेवली तर ती अंडीच घालत नाही. तिला गर्दीत नांदायची आणि ताटातलं खायची सवय लागायला कित्येक पिढ्या गेल्या होत्या. ते बियाणं गेलं की नवं तयार करायला दीड-दोन वर्षं. तोवर पाच जिल्ह्यांतली मेंढरं माशीच्या तोंडी.

माशीघराच्या मागे मळी बाहेर काढायचं एक दार होतं. तिथल्या वाफेने विजेची कुलुपं टिकत नसत, म्हणून कुणीतरी वैतागून त्याला साधी कडी बसवली होती.

"शालन, मी तुम्हाला या म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सापडलो तर माझी चौकशी होईल. तुम्ही कंत्राटी, तुमचं नाव थेट काळ्या यादीत जाईल."

"जाऊ द्या की. एसटीत कुणी शेजारी बसत नाही, त्या यादीत तरी कुणी बसेल."

मारायची उष्णखोली सौरविजेवर आणि हाताच्या खटक्यावर चालायची; अपघात झाला तर असावी म्हणून ती कुणाच्या परवानगीवर ठेवलेली नव्हती. दिवसभर आम्ही दोघी ट्रे भरभरून कोश आत सरकवत होतो. ज्यांना अळ्या असताना आठवडाभर लेकरासारखं भरवलं, त्यांनाच. संध्याकाळी माझ्या हातात पाण्याचा तांब्या धरवेना.

घरी आले तर कावेरी दारात. आमची लेक तालुक्याच्या आश्रमशाळेत शिकते. मेसचा पैसा बंद म्हणून शाळेने सगळ्या मुलींना पिशव्यांसकट जीपमध्ये घालून गावोगाव उतरवलं होतं. दोन-चार दिवसांत बाकीचंही कळत गेलं. रेशनचं मशीन अंगठा घेईना. रोजगार हमीवर तळं खोदणाऱ्या बायांना मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका. जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वनखात्याच्या कुरणाची फाटकं पास घेईनात, त्यामुळे वाडीची सगळी मेंढरं रस्त्याकडेच्या काटवणात चरायला लागली. आमच्यासारख्यांच्या घरात सरकार कुठे कुठे शिरलेलं असतं, हे ते निघून गेल्यावरच दिसतं.

सुरुवातीला साठ्यातल्या भुकटीवर पिंजरे निभावले. मी पहाटे मेंढवाड्यातलं काम उरकून वर जायची, मागच्या दाराने आत, ताटं भरायची, अंडी वेगळी करायची आणि दुपारच्या आत खाली. मग साठा संपत आला. रक्त आम्ही बाजारच्या खाटकांकडून घ्यायचो, तर तिथेही सुरी टांगलेली. मांसावर शिक्का मारणारा सरकारी डॉक्टरच नव्हता, मग कापणार कोण?

त्या दिवशी मी मालकांपुढे विषय काढला. आमचे मालक म्हणजे बिरा विरकर. माणूस मेंढरांत वाढलेला, कमी बोलणारा, आणि बोलला की दुसऱ्याला बोलायला जागा न ठेवणारा.

"एक म्हातारी मेंढी द्याल का?" मी म्हटलं. "पिंजऱ्यांस्नी खायाला उरलं न्हाई."

ते दोरी वळत होते. वळतच राहिले. मग म्हणाले, "मेंढरं खाणारी माशी, आन् तिलाच मेंढरू घालू? डोस्कं ठिकाणावर हाय का तुजं?"

"अवं, ती मेली तर रानातली येतीया."

"सा वर्सांत बघितली कुणी? तू बघितली?" त्यांनी दोरी खाली ठेवली. "पोरगी शाळंतनं हाकलली. तुजा पगार न्हाई. कुरणाला टाळं. हातात काय हाय तर ही मेंढरं. त्यातलं बी माशीला वाढ. का तर सरकारची हाय. सरकारनं सोडली तिला, तू कशाला कवटाळतीस?"

सगळं खरंच होतं. कावेरी चुलीपाशी बसून आमच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या ताटातल्या भाकरीला लावायला नुसती चटणी होती. पण मी दुसऱ्या दिवशी पहाटे वर गेलेच. बारा पिंजऱ्यांपैकी पाच आम्ही उष्णखोलीत टाकले, उरलेल्यांना तरी पोटभर मिळावं म्हणून.

तोवर म्हसोबाची जत्रा जवळ आली. जत्रेआधी त्या सालच्या कोकरांच्या कानाला खूण पाडायची ही वाडीची रीत. आमची उजव्या कानाला चीर, कुणाचं डाव्याचं टोक कापलेलं, कुणाला मधोमध खाच. खुणेशिवाय कोकरू देवापुढे न्यायचं नाही. कुणाच्या घरचं आहे हे देवाला कळायला नको का? पूर्वी हे काम कडाक्याच्या थंडीत उरकायचे, जखमेवर माशी बसू नये म्हणून. किडमाशी गेल्यावर त्यामागचं कारणही विस्मरणात गेलं. मग आळसाने ते जत्रेच्या आठवड्यावर आलं, भर उन्हाळ्यात.

"यंदा कान कापू नका," मी मालकांना विनवलं. "माशी सोडणं थांबलंया."

"आन् बिनखुणेची कोकरं घेऊन देवापुढं उभा राहू? लोक शेण घालतील तोंडात."

मग मी वाडीतल्या घरोघर जाऊन तेच सांगितलं. बायांनी नाकाला पदर लावून ऐकून घेतलं. एकजण तर म्हणाली, "माश्यांत राहून हिला माश्याच दिसाय लागल्या." दोन दिवसांत वाडीतल्या झाडून सगळ्या कोकरांचे कान कापून झाले. मेंढवाड्यांतून रक्ताचे ठिपके पडले होते. मी ते बघत वर गेले आणि मॅडमना सांगितलं. त्या येरझारा घालायला लागल्या.

किडे पहिल्यांदा म्हाकूतात्यांच्या कोकरात पडले. तात्या वाडीतले सगळ्यांत जाणते, म्हसोबाचे पुजारीही तेच. कोकरू मान झटकत होतं, म्हणून त्यांनी कान उलटून बघितला, तर आत नुसती वळवळ. दुपारपर्यंत आणखी चार घरांत तेच. जुन्या बायांना सीताफळाच्या पाल्याचं औषध आठवलं, पण सहा वर्षांत कुणी झाडच राखलं नव्हतं. आणि मग कुणाच्या तरी तोंडून निघालं, "माशीघरातनं सुटली!"

वाडी वर चालून आली. मी आणि मॅडम मागच्या दारात उभ्या. पुढच्या पोरांच्या हातात पेट्रोलचे कॅन होते. गर्दीत आमचे मालकही होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तेवढं मला कधी लागलं नव्हतं.

"बाजूला व्हा बाई," एक जण मॅडमना म्हणाला. "पेटवून टाकतो, म्हंजी इडा टळंल."

"या माश्या आमच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दोन कोटी कोश आम्ही पहिल्याच दिवशी मारले. या सीमेपलीकडून आल्यात."

"कशावरनं?" तात्यांनी विचारलं.

मॅडमना खोटं बोलता येत नाही. तो त्यांचा मोठाच दोष. "आत्ता सिद्ध करता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि गर्दीत एकच कालवा उठला.

मी पुढे झाले. "तात्या, असतील बी आमच्याच. घटकाभर धरून चाला. हे घर पेटवलं तर रानात गेलेली माशी मरंल का?"

कॅन धरलेली पोरं तात्यांकडे बघायला लागली.

"ती रानातच ऱ्हाईल. तिचा वंश बुडवणारा नर तेवढा आत जळंल. लांडगा वाड्यात शिरला म्हणून राखणीचं कुत्रं मारायचं का?"

तात्या गर्दीतून पुढे आले. म्हणाले, "चल, दाव तुजं कुत्रं."

मी त्यांना आत नेलं. उपाशी मरत मरत तोवर चारच पिंजरे उरले होते. ताटांत अळ्या कोरड्या पडून काठावर चढत होत्या, भुकेने. तात्यांनी नाकाला धोतराचा सोगा लावला, पण ते मागे फिरले नाहीत. माशी आयुष्यात एकदाच जोडा लावते, हे मी त्यांना सांगितलं. "मंग आमच्या वाडीपरीस बरी म्हणायची," ते म्हणाले. मला त्याही स्थितीत हसू आलं.

"आन् खाती काय?"

"रक्त."

बाहेर आल्यावर मी सगळ्यांसमोर मागितलं. म्हटलं, परवा जत्रा. घरटी एक बकरं कापलं जाणार. त्याचं रक्त दरवर्षी देवापुढच्या मातीत जातं, ते यंदा मला द्या.

आता मात्र मालक बोलले. "देवाचं रगत माश्यास्नी? तात्या, ही काय बोलतीया?"

तात्यांनी खाली बघून पायाने माती उकरली. मग म्हणाले, "देवाला मान शिराचा आन् नैवेद्याचा. रगत भुईचं. भुईला मी समजावतो."

जत्रेत ढोल वाजले, भंडारा उधळला, आणि दर बकऱ्याखाली या वर्षी पातेलं धरलं गेलं. मॅडम रक्त गोठू नये म्हणून त्यात पांढरी पूड ढवळत होत्या. वसईच्या ख्रिस्ती बाई, म्हसोबाच्या पारावर, कोपरापर्यंत लाल. कुणीतरी त्यांच्याही कपाळाला भंडारा लावला. भरलेली पातेली पोरांनी खांद्यावरून वर आणली, आणि चार पिंजरे वाचले.

पण खाली वाडीत माशी थांबली नव्हती. आमच्या कोकरांच्या कानांतही किडे पडले. मालक दिवसच्या दिवस चिमटा घेऊन एकेक कोकरू मांडीवर घेत. बोलत नव्हते, जेवत नव्हते. मी औषधाचं पाणी घेऊन शेजारी बसले तर सरकून जागा देत, इतकंच. त्यांची एक लाडकी मेंढी होती, भुरी. काटवणात तिची मांडी फाटली होती, आणि लोकरीखाली ते कुणाला दिसलंच नाही. दिसलं तोवर आत हाताचा तळवा जाईल एवढं झालं होतं. तिचं ओरडणं कावेरीने ऐकलं. माझ्या लेकीने ते ऐकू नये म्हणून तर मी सहा वर्षं तो वास अंगावर वागवत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यांपाशी होते. मागच्या दारात सावली पडली. मालक भुरीला खांद्यावर घालून माळ चढून आले होते. त्यांनी तिला हलकेच खाली ठेवलं.

"घे," ते म्हणाले. "कुजायच्या आत."

ते निघाले, चार पावलं गेले आणि वळले. "तवाच दिली असती म्हातारी, तर काय झालं असतं गं?"

"काय न्हाई. पिंजरं चार जास्त असतं."

त्या दिवसापासून त्यांनी वाडीत पाळी लावली, मेंढवाड्याच्या राखणीला लावतात तशी. आज याच्या घरचं मेलेलं जनावर, उद्या त्याच्या घरचं म्हातारं. कुणी कुरकुरलं तर मालक त्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहायचे. पिंजरे पुन्हा वाढायला लागले. चारांचे आठ झाले, मग आणखी. ते बघून मॅडम एकदा लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत सुटल्या.

ज्येष्ठात कधीतरी सभागृहाने एकदाचा अर्थसंकल्प मंजूर केला. चहा कुणी पाजला, देव जाणे. पुढचं फाटक उघडलं आणि भोंगा म्हणाला, "सेवेत पुन्हा स्वागत आहे." क्ष-किरणांच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला. मालकांनी तालुक्यातून पेढे आणले. कावेरीची पिशवी भरली, तिच्या मेसची चूल पेटली होती. मी पुढच्या फाटकाने ऐटीत आत गेले, तर मॅडम संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या. त्यांच्या हातात पेढा तसाच.

"शालन," त्या म्हणाल्या, "आपल्याला या वर्षी काही मंजूर झालेलं नाही."

"म्हणजे?"

"दारांपुरतं आणि विजेपुरतं आहे. खाद्य, शून्य. कंत्राटी मजुरी, शून्य. मी वर तीन साहेबांशी बोलले. तेही हळहळतात, पण खजिनदाराने मांडलेलं सभागृहाने एकगठ्ठा मंजूर केलंय."

मी खाली बसले. त्यांनी मला नीट समजावलं. खजिनदार शिकतो. खर्चबंदीत नुसती दारं लावून तो बसला नव्हता. कुठला पैसा थांबला की काय मोडतं, हे बघत होता. मेसचा पैसा थांबला, मुली घरी गेल्या. म्हणजे मेसला पैसा लागतो, तो त्याने वाढवून दिला. माशीघराचा पैसा थांबला, आणि माशीघर चालूच राहिलं. आमची मेंढरं मेली, पण त्यांची नोंद करणारा जनावरांचा दवाखानाच बंद होता.

"आपण मागच्या दाराने जात होतो ते..."

"रोज बघितलं त्याने. कॅमेरे चालूच होते. अडवलं नाही, कारण अडवून त्याला काही कळलं नसतं." त्यांनी पेढा खाली ठेवला. "पिंजरे मेले असते, तर नव्याने उभारायला त्याने हवे तेवढे पैसे दिले असते. आपण ते जगवले, शालन."

मला रडू आलं नाही. संताप आला, असा की डोळ्यांपुढे अंधारी यावी. आमची भुरी, तात्यांची कोकरं, देवाचं रक्त, माझ्या पहाटा, हे सगळं त्या मेल्याच्या गणितात एकच गोष्ट सिद्ध करून गेलं होतं. या बाईला काही द्यावं लागत नाही.

"यावर उपाय?" मी विचारलं.

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "यंत्र उघडलंय, पण आपण माश्या सोडल्या नाहीत तर महिन्याभरात पाचही जिल्ह्यांत जनावरं मरायला लागतील. ते त्याला दिसेल, आणि पैसा आपोआप येईल. फक्त काही करायचं नाही." मग हळूच म्हणाल्या, "माझा पगार चालू राहणार आहे, मी कायम आहे. त्यामुळे मी तुम्हाला कामाला या कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मग थांबवू," मी म्हटलं. "मरू देत. एकदा दिसू दे त्याला."

घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरूबर हाय. किती सोसायचं माणसानं?" बास, ठरलं. मी चुलीवर पाणी तापवलं आणि घासघासून अंघोळ केली. द्राक्षबागेत शेंडे खुडायला बाया हव्या होत्या, तिथे येते म्हणून निरोप दिला. कावेरीला दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायचं होतं, तिची वेणी घातली. ती म्हणाली, "आई, आज तुजा वास येत न्हाई." मला बरं वाटायला हवं होतं.

घरात बसवेना. उठले, भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. मेंढवाड्यात एक मेंढी वेत होती, अवेळीच. कोकरू पडलं, धडपडत उभं राहिलं, आणि पोटाखाली ओली नाळ लोंबत होती. एक माशी आली. साधी घरमाशीच असेल. मी ती हाकलली. मग दुसरी आली. अशी नाळ या क्षणी पाच जिल्ह्यांत किती असतील, आणि तिथल्या बायांना हाकलायची माशी कुठली हेसुद्धा ठाऊक नसेल. मालक कुठे दिसत नव्हते. मी कावेरीचा हात धरला आणि माळ चढायला लागले.

पुढचं फाटक सताड उघडं होतं. आत क्ष-किरणांचं यंत्र घूं घूं करत तापत होतं. मॅडम कोशांचे ट्रे लावत होत्या. मला बघून त्या चोरी पकडल्यासारख्या दचकल्या. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि मालक आत आले, हातात रक्ताची किटली. सवयीने मागच्याच दाराने आले होते. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

वरचा भोंगा खरखरला. "काम सुरू झाल्याची नोंद घेतली आहे. खर्च शून्य. आपला दिवस चांगला जावो."

मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली, लेक शेजारी असून. मालकांनी त्यात आपली एक घातली. मग मी पहिला ट्रे यंत्रात सरकवला. त्या मेल्याचं गणित चुकलेलं नव्हतं. आम्ही येणार, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.